भांडुपचे टायरवाले काका आणि माझ्या गाडीतला पिवळा दिवा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ज्या दुकानाचा आहे त्याला नावच नाही. मुंबईत एलबीएस रोडवर भांडुप संपून मुलुंड सुरू व्हायच्या मधे, मेट्रोच्या खांबांच्या रांगेत, एका बाजूला कॉम्प्रेसर, दुसऱ्या बाजूला जुन्या टायरची चळत आणि वर पत्र्यावर लाल रंगात 'टायर पंक्चर नायट्रोजन २४ तास' एवढंच. त्यातलं २४ तास खोटं आहे. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली आणि काका आत पंखा लावून आडवे. तरी पण साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की जुलैत आम्ही मावशीकडे अंधेरीला गेलो होतो, येताना जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा, पाणी होतं म्हणून खोली कळलीच नाही, मागचा डावा टायर असा धाडकन गेला की मागे झोपलेली लेक उठून रडायलाच लागली. उतरून बघितलं, टायर ठीक दिसला, आलो घरी. दोन दिवसांनी ऐरोलीला ऑफिसला जाताना बरोबर खाडीपुलावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं काहीतरी आणि मधे उद्गारचिन्ह. मला आधी वाटलं इंजिनचं काहीतरी आहे, मॅन्युअल उघडलं तर ते टायर कापून मधून बघितल्यावर जसं दिसेल तसलं चित्र आहे म्हणे. कोणाला कळणार आहे असलं चित्र, सरळ 'हवा' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

मग सगळे करतात तेच केलं, पेट्रोल पंपावर गेले. तिथे हवा फुकट असते, ती द्यावीच लागते त्यांना, आणि तिथला मुलगा कोणाचीही गाडी आली की मशीनवर ३५ (पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचे पॉइंट) लावून ठेवतो. कितना मॅडम विचारलं पण उत्तराची वाट नाही बघितली. चारही टायर ३५. दिवा तसाच.

इथून पुढे माझा मूर्खपणा सुरू होतो. मला वाटलं हवा तर भरली, मग दिवा का जात नाही, म्हणजे दिवाच बिघडलाय. सर्व्हिस सेंटरला गेले. कुठल्या ते लिहीत नाही, कॉफी चांगली देतात. वीस मिनिटांनी चावी परत आली, दिवा गायब. मॅडम सिस्टीम रीसेट केली. मी विचारलं हवा चेक केलीत का, तर म्हणे हवा ओके असणार मॅडम, तुम्ही आत्ताच भरलीय ना. आणि पुढच्या वेळी सरांना पाठवलंत तरी चालेल. सर, म्हणजे आमचे हे, गाडी चालवतच नाहीत, त्यांना लोकल आवडते, पण जाऊदे.

पाचव्या दिवशी दिवा परत.

ह्यावेळी ऑफिसजवळच्या एका चकाचक टायर शोरूममधे गेले, काचेचं दार, एसी, भिंतीवर टायर टांगलेले दागिन्यांसारखे. तिथल्या माणसाने गाडीकडे लांबूनच बघितलं आणि सांगितलं टायरमधले हवा मोजणारे चारही सेन्सर गेलेत, पावसाचं पाणी लागतं ना मॅडम. एका सेन्सरचे साडेतीन हजार, चारचे चौदा, वर नायट्रोजन फ्री. चौदा हजार! मी म्हटलं घरी विचारून सांगते, जे मी कधीच म्हणत नाही पण पळायला बरं पडतं. मग परत सर्व्हिस सेंटर, परत कॉफी, परत रीसेट, परत दिवा गायब. आणि ह्यावेळी तो चार दिवस आलाच नाही, मी खूश.

पाचव्या दिवशी सकाळी सासरे दूध घेऊन वर आले आणि म्हणाले, सूनबाई, मागचा डावा बसलाय. त्यांनी आयुष्यभर फियाट चालवली, गाडीजवळून जाताना टायरला लाथ मारून आवाज ऐकायची सवय आहे, बिल्डिंगमधल्या दुसऱ्यांच्या गाड्यांना पण मारतात, वॉचमन हसतो. मी म्हटलं बाबा दिवा नाहीये, असं कसं. खाली गेले. घरात हवा मोजायचं एक डिजिटल गेज होतं, दिवाळीत ऑफिसच्या गिफ्टमधे आलेलं, तोपर्यंत पॅकिंगमधेच. लावून बघितलं तर २०. बाकी तिन्ही ३५ ला आणि हा २०. आणि डॅशबोर्डवर काही नाही, सगळं आलबेल. त्या टायरवर मी आदल्या दिवशी ईस्टर्न एक्सप्रेसवर ऐंशीने गेले होते, लेक मागे बसलेली.

आता दुकानाकडे येते. सासऱ्यांनी लायटरच्या सॉकेटमधे लावायचा तो छोटा पंप काढला, टायर ३३ पर्यंत फुगवला आणि म्हणाले चल माझ्या माणसाकडे. मुलुंड ईस्टवरून पलीकडे जाऊन तिथे पोचायला सकाळी साडेआठला दहा-बारा मिनिटं, अकरानंतर किती ते गणपतीबाप्पालाच माहीत.

काकांचं वय साठीच्या आसपास असेल, बोलणं साताऱ्याकडचं, हाताला कायमचं काळं. मी सगळी कहाणी सांगितली, दिवा, रीसेट, सेन्सर, चौदा हजार. ते चौदा हजाराला पहिल्यांदा हसले. मग खाली बसून वॉल्व्हला बोट लावलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीत सेन्सर हायतच कुठं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तर त्यांनी विचारलं स्क्रीनवर प्रत्येक टायरचा आकडा दिसतो का, ३२, ३३ असा? नाही दिसत, नुसता दिवा लागतो. मग झालं तर. आणि हा वॉल्व्ह बघा, साधा रबराचा, आत सेन्सर असला की बहुतेक वेळा धातूचा येतो, नट लावलेला. रबरी वॉल्व्हवाले सेन्सर पण असतात म्हणाले, त्यामुळे नुसत्या वॉल्व्हवर जायचं नाही, पण आकडा पण नाही म्हटल्यावर संशयाला जागाच नाही.

रात्री घरी बसून मी मॅन्युअलचं ते प्रकरण नीट वाचलं, आणि काका शब्दाशब्दाला बरोबर होते. हा दिवा लावणाऱ्या सिस्टीमचे दोन प्रकार असतात. एक डायरेक्ट, म्हणजे प्रत्येक चाकाच्या आत वॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर, स्वतःची बॅटरी, आतलं प्रेशर मोजून रेडिओने गाडीला कळवतो. माझ्या दादाच्या क्रेटात तसं आहे, चारही चाकांचे आकडे दिसतात, तो सिग्नलला थांबला की तेच बघत बसतो. दुसरा इनडायरेक्ट, जो माझ्याकडे आहे. ह्यात हवा मोजणारं काहीच नाही! एबीएस ब्रेकसाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ नये म्हणून, प्रत्येक चाकाला जे स्पीड सेन्सर आधीच बसवलेले असतात तेच वापरायचे. टायरमधली हवा कमी झाली की टायर थोडा बसतो, म्हणजे त्याचा घेर किंचित लहान होतो, म्हणजे तेवढंच अंतर जायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा फिरावं लागतं. कॉम्प्युटर चारही चाकांचे फेरे बघतो, एक पोरगं जास्त पळतंय असं दिसलं की दिवा लावतो. नवीन गाड्यांत चाकाच्या थरथरीवरून पण अंदाज घेतात, पण मुळात हा सगळा अंदाजच, गेज नाही.

आणि अंदाज कशाच्या तुलनेत? तर तुम्ही रीसेटचं बटन दाबलं त्यावेळी जी हवा होती तिच्या तुलनेत. हे एक वाक्य मला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. रीसेट म्हणजे दिवा विझवायचं बटन नाही हो. रीसेट म्हणजे गाडीला सांगणं की आत्ता जी हवा आहे ती बरोबर आहे, हे लक्षात ठेव. दुसऱ्या वेळी मी सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा मागच्या डाव्यात २६ च्या आसपास असणार, आणि त्या पठ्ठ्याने गेज न लावता गाडीला शिकवलं की बाई २६ म्हणजे एकदम छान. ह्या सिस्टीम साधारण पाव भाग हवा उतरली की बोंब मारतात. ३३ चा पाव भाग म्हणजे आठ, म्हणजे २५ ला दिवा. पण २६ लाच बरोबर मानलं तर त्याचा पाव भाग साडेसहा, म्हणजे साडेएकोणीसपर्यंत ती गप्प बसणार. मी मोजलं तेव्हा किती होतं? २०. हिशोब लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला खरंच.

पंपावर हवा भरून पण पहिल्यांदा दिवा का गेला नाही तेही आता कळलं. जुनं शिकलेलं डोक्यात घेऊन बसली होती, तिला नवीन सांगायला हवं होतं. म्हणजे हवा भरणं आणि रीसेट करणं दोन्ही लागतं, ह्याच क्रमाने, आणि त्याच्याही आधी हवा का गेली ते शोधणं. सर्व्हिस सेंटरने फक्त शेवटची पायरी केली, पंपाने फक्त मधली.

पहिली पायरी काकांनी केली. सुरुवात वॉल्व्हला थुंकी लावण्यापासून, ईईई, पण दोन सेकंदात कळतं बुडबुडा येतो का, वॉल्व्ह ठीक. मग चाक काढून पाण्याच्या टबात, हळूहळू फिरवत. खिळा नाही, स्क्रू नाही, ट्रेडमधे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, काहीच नाही. मी म्हटलं झालं, आता हे पण रीसेट म्हणणार. पण चाक उलटं केलं आणि आतल्या बाजूला, रिमच्या कडेला जिथे टायर बसतो तिथून एकदम बारीक बुडबुड्यांची माळ, अगदी शांतपणे, सोडा वॉटरसारखी. काका म्हणाले बघा हितं मार बसलाय. हात फिरवल्यावर कळलं, अलॉयची आतली कड एका जागी किंचित दबलेली. जेव्हीएलआरची भेट. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, आणि कोणी टबात बुडवल्याशिवाय दिसणारही नव्हतं.

मग टायर मशीनवर. त्याआधी वॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने एक रेघ ओढली, मी विचारलं का, तर म्हणे त्याच जागी परत बसवला की बॅलन्सिंग हलत नाही. बॅलन्सिंगचं मशीन त्यांच्याकडे नाहीये, म्हणून ही खडूची रेघ. रिमची कड घासून साफ केली, काळा डिंकासारखा बीड सीलर, म्हणजे टायर आणि रिममधली फट बुजवणारा, लावला, टायर चढवला, हवा मारली, दोनदा फट् फट् असा आवाज आला म्हणजे बसला, परत टबात, परत फिरवला. बुडबुडा नाही. पण एक सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणाले "ताई, ही मलमपट्टी हाय. कड फार दबलेली नाही म्हणून भागतंय. परत उतरली तर रिम सरळ करून घ्या, कुर्ल्याला सीएसटी रोडला करत्यात, पण हातोड्यानं ठोकणाऱ्याकडं जाऊ नका, अलॉय तडकतो." ह्याला कस्टमर सर्व्हिस म्हणतात. घेतले किती? साडेतीनशे, चारही टायरची हवा धरून. चौदा हजार आणि साडेतीनशे, फरक तुम्हीच काढा.

आता हवा किती ठेवायची. मी म्हटलं ३५, पंपवाला ३५ ठेवतो. काकांनी ड्रायव्हरचं दार उघडायला लावलं, तिथे खांबावर स्टिकर आहे, चार वर्षं मी त्याच्यावरून आत बसतेय आणि एकदाही वाचला नाही. नॉर्मल लोडला ३३, फुल लोडला मागे ३६. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो तो भरायचा नाही, ती टायरची कमाल मर्यादा असते. आणि हे सगळे आकडे थंड टायरचे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नको. गाडी पळवून गरम झाल्यावर तीन-चार पॉइंट वाढलेलेच दिसतात. म्हणून ऑफिसवरून येताना पंपावर ३३ बघून खूश झालात तर सकाळी ती तीसच असते, आणि उलट, गरम टायरमधे ३७ दिसलं म्हणून हवा सोडून द्यायची नाही. आम्ही पण चालवतच आलो होतो, म्हणून काकांनी दोन पॉइंट जास्त ठेवले आणि म्हणाले उद्या सकाळी तुमच्या गेजने बघा आणि मग रीसेट मारा, आत्ता नको. दुसऱ्या दिवशी पार्किंगमधे ३३, ३३, ३४, ३३. एक ३४ मधून चूं करून थोडी सोडली.

नायट्रोजनचं पण विचारलं, बोर्डवर आहे ना. हळू आवाजात म्हणाले साधी हवाच भरा, लोक मागतात म्हणून टाकी ठेवलीय. खरंच आहे की, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्यासाठी टायरमागे पैसे कशाला. स्वतःच्या बोर्डवरच्या वस्तूला नको म्हणणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

रीसेट माझ्या गाडीत असं आहे: गाडी चालू करून उभी ठेवायची, स्क्रीनवर सेटिंग्ज, मग व्हेइकल, मग टायर प्रेशर, मग सेट, आणि ओके दाबून धरायचं जोपर्यंत मेसेज येत नाही. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली किंवा ग्लोव्हबॉक्समधे बटन असतं, प्रत्येकाचं वेगळं, मॅन्युअलमधे मिळतं. दोन मिनिटांचं काम, ह्यासाठी मी दोनदा अर्धा दिवस सुट्टी टाकली. पण गंमत पुढे आहे. सेट दाबलं म्हणजे झालं नाही, त्यानंतर गाडी शिकते, आणि शिकायला तिला साधारण वीस-तीस मिनिटं नीट चालवावं लागतं, बऱ्यापैकी एका वेगात, रांगत नाही. वीस मिनिटं सलग एका वेगात! एलबीएसवर! जिथे मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून आम्ही सेकंड गिअर विसरलोय. तुटक तुटक चालवली तरी शिकते म्हणे, पण दिवस जातात. म्हणून मी रविवारी सकाळी सहाला उठले, मुलुंडहून हायवेला लागले आणि सरळ सायनपर्यंत जाऊन परत आले. सासरे सोबत, टोपी घालून, थर्मासमधे चहा. विक्रोळीच्या इथे म्हणाले अशी रिकामी हायवे मी शेवटची कधी बघितली आठवत नाही. परत येताना मुद्दाम स्क्रीन बघत होते, काही मेसेज नाही, दिवा नाही, आणि ह्यावेळी दिवा नाही ह्याचा अर्थ खरंच काही नाही असा होता.

ज्यांच्याकडे दादासारखी डायरेक्टवाली आहे त्यांच्यासाठी थोडं, कारण मी त्याला हे सगळं सांगितल्यावर तो पण त्याचं रीसेट बटन शोधायला लागला. तिथे बहुतेक गाड्यांत असं रीसेट लागत नाही, बरोबर हवा भरा, थोडी चालवा, सेन्सर नवा आकडा पाठवतो आणि दिवा जातो. तुमचा दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर ते हवेचं नाही, सिस्टीमचंच दुखणं आहे, बहुतेक सेन्सरची बॅटरी. ती पाच ते दहा वर्षं चालते आणि सीलबंद असते, म्हणजे घड्याळासारखा सेल बदलून भागत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. अशा गाडीला चौदा हजारांचं एस्टिमेट एकवेळ समजू शकते. आणि टायर काढणाऱ्याला आधी सांगायचं की आत सेन्सर आहे, नाहीतर मशीनचा दांडा बरोबर त्याच्यावर बसतो आणि मग एक तरी नक्की जातो. माझ्या प्रकारात तो खर्च नाही, पण चारही टायरमधली हवा महिन्याला एखाद-दोन पॉइंट अशी सारखीच उतरत गेली तर चौघे मिळून सारखेच पळणार आणि गाडीला फरक कळणारच नाही. त्यामुळे इनडायरेक्टवाल्यांनी गेज घ्याच, पाचशेच्या आत येतं. ते वॉल्व्हच्या टोपीच्या जागी लावायचे बाहेरचे सेन्सर पण मिळतात, डॅशबोर्डवर सोलरचा छोटा डिस्प्ले ठेवायचा, चांगले चालतात असं ऐकलंय, पण आमच्या गल्लीतून साध्या प्लास्टिकच्या टोप्या चोरीला जातात, ते सेन्सर किती दिवस टिकतील.

अमेरिकेत ही टायरची हवा सांगणारी सिस्टीम २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नवीन कारना कंपल्सरी आहे, त्याआधी टायर फाटून गाड्या उलटल्याचं मोठं प्रकरण झालं होतं, २००० साली कायदाच आणावा लागला. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नवीन कारला. आपल्याकडे कंपल्सरी नाही, पण २०२० साली नियम बदलला की ट्यूबलेस टायर, पंक्चर रिपेअर किट आणि ही सिस्टीम असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालेल. म्हणजे स्टेपनीऐवजी दिवा! ज्या दिव्याचा अर्थ सर्व्हिस सेंटरच्या पोराला माहीत नाही त्याच्या भरवशावर. गाडी घेताना डिकीचं कार्पेट उचलून बघा एवढंच म्हणते.

आता अर्धा स्टार का कापला. एक, काकांच्या भाच्याने जॅक लावताना खालच्या प्लास्टिकला ओरखडा काढला, बोटभर आहे पण आहे. दोन, नट बंदुकीने इतके घट्ट मारले की सासऱ्यांनी घरी सवयीने चेक करायला पान्हा लावला तर हलेनात, पान्ह्यावर उभे राहिले तेव्हा एक हलला. रात्री हायवेवर मला एकटीला स्टेपनी लावायची वेळ आली असती तर? सोसायटीच्या आवारातच पाचही नट सैल करून हाताने परत आवळले. पुढच्या वेळी शेवटचं हाताने घट्ट करा असं सांगणार आहे, तुम्ही पण सांगा. तीन, त्यांचं पेन्सिलवालं गेज माझ्या डिजिटलपेक्षा दोनने जास्त दाखवतं. कुठलं खरं ते देव जाणे, मी माझंच धरते, निदान रोज तेच चुकीचं असेल. चार, बिल नाही. यूपीआय चालतं, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात, त्यावर टायर रिपेरी ३५०. ऑफिसमधून क्लेम करणाऱ्यांनी विसरा.

आणि पार्किंगचं काही खरं नाही. दुकानासमोर जेमतेम एक गाडी मावते, दुसरी आली की ती रस्त्यावर, आणि टोइंगवाले त्या पट्ट्यात फिरतात. सकाळी साडेआठ ते दहा बेस्ट. बसायला एक स्टूल आणि एक टायर, स्टूल आधीच्या गिऱ्हाईकाला, टायर तुम्हाला. मी टायरवर बसले, कुर्त्याला काळा गोल उमटला तो दोन धुण्यांत गेला नाही. पण तिथे बसलेली असताना मला एकदाही कोणी सरांना पाठवा म्हटलं नाही. काकांनी बुडबुडे मलाच दाखवले, कड मलाच हात लावून बघायला लावली, सासरे बाजूला उभे राहून मान डोलवत होते.

त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरचा फीडबॅकचा फोन आला, मॅडम दहापैकी किती देणार, दहाच्या खाली दिलं तर आमच्या टीमचा इन्सेंटिव्ह कापतात. मी विचारलं हवा कोणी चेक केली होती. ती मुलगी बिचारी म्हणाली मॅडम तो ऑप्शन माझ्या फॉर्ममधे नाहीये. तिची काय चूक. मी कॉफीला दहा दिले.

आज तीन आठवडे झाले. दर रविवारी सकाळी गेज घेऊन खाली जाते, वॉचमन आता माझ्याकडे बघून पण हसतो. पहिल्या रविवारी चारही ३३, दुसऱ्या रविवारी पण. आज तीन टायर ३३ आणि मागचा डावा ३१. दिवा नाही, दोन पॉइंटला लागणारही नाही. काकांना फोन केला तर म्हणाले घेऊन या, टबात टाकून बघू, नाहीतर कुर्ल्याचा पत्ता देतो. उद्या साडेआठला चाललेय, जुना कुर्ता घालून.